विसरले जाण्याचा हक्क

फिटलेल्या ऋणाची किंवा क्षमा झालेल्या अपराधाची आठवण लोकांनी पुनःपुन्हा काढू नये, असे मागण्याचा मनुष्यास अधिकार आहे काय? पूर्वी हा प्रश्न मंडळीच्या पंचांपुढे निघत असे. आता तो मोठमोठ्या न्यायालयांपुढे आला आहे.

१९९८ साली स्पेन देशातील बार्सिलोना येथील ‘ला व्हँग्वार्दिया’ या दैनिकात एका गृहस्थाच्या मालमत्तेच्या लिलावाची लहानशी सूचना दोन वेळा छापून आली. सामाजिक विम्याचे देणे थकले होते, आणि बोली करणारे पुष्कळ यावेत म्हणून सरकारी खात्यानेच ती देवविली होती. पुढे ते प्रकरण मिटले. पूर्वीचा काळ असता तर तो अंक रद्दीत गेला असता, वाण्याने त्यात गूळ बांधून दिला असता, व गोष्ट तेथेच संपली असती. परंतु त्या दैनिकाने आपले जुने अंक इंटरनेटवर ठेविले होते. आणि गूगलमध्ये त्या गृहस्थाचे नाव घालताच बारा वर्षांनंतरही तोच लिलाव पुढे येई. २०१० साली त्याने दाद मागितली. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की, माहिती खरी असली व कायद्यास धरून छापली असली, तरी काळ लोटल्यावर ती गैरलागू होऊ शकते; तशी झाल्यास नाव शोधणाऱ्यापुढे गूगलने ती आणू नये. मात्र सार्वजनिक कामात ज्याचे स्थान असे आहे की त्याजविषयी जाणणे लोकांस अगत्याचे आहे, त्याची गोष्ट निराळी. (त्या गृहस्थाचे दैव असे की, जिंकल्यामुळेच त्याचे जुने देणे जगभर ठाऊक झाले!) आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला असून त्याच्या १२ व्या कलमात माहिती दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क सांगितला आहे.

कित्येक बंधू म्हणतील की, सत्य झाकणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही. दाविदाचे पाप व पेत्राचा नाकार शास्त्रात लिहिलेला आहे, तो कोणी खोडला नाही. ही हरकत वजनदार आहे. परंतु बार्सिलोनाच्या त्या दैनिकाचेही पान कोणी फाडविले नाही. स्पेनमधील अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्राविरुद्धची तक्रार फेटाळली. लेख जेथे होता तेथेच राहिला. नाव उच्चारताच तो तोंडावर फेकला जाऊ नये, एवढेच ठरले. पेत्राचेही तसेच झाले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी तो उपदेशास उभा राहिला तेव्हा अकरा प्रेषित त्याजबरोबर उभे होते. त्या अंगणातल्या रात्रीची गोष्ट त्यांपैकी कोणी काढली नाही. यिर्मयाच्या द्वारे देवाने आपल्या लोकांची पापे न आठवण्याचे वचन दिले, तेव्हा सर्वज्ञ देवाचे ज्ञान कमी झाले असे कोण म्हणेल? तो ती पुढे आणीत नाही, असाच त्याचा अर्थ आम्ही समजतो.

आमच्या खेड्यांत या कामास गूगल लागत नाही. एखाद्याने दारू सोडून दहा वर्षे झालेली असतात. त्यास प्रभुभोजनापासून सहा महिने दूर ठेविले होते व मग परत घेतले, अशा दोन्ही नोंदी मंडळीच्या वहीत आहेत, आणि त्या असाव्यात. पण त्याच्या मुलीस पाहावयास पाहुणे आले की कोणीतरी वडीलधारे ओसरीवर बसून पहिली नोंद सांगतात. दुसरी त्यांस आठवत नाही. आता तर आठवडी बाजारातले भांडण कोणी पोरगा मोबाइलमध्ये टिपतो आणि दिवेलागणीच्या आत ते तीन तालुक्यांत पोहोचते. ज्या हातांनी ते पुढे धाडिले त्यांत आमच्या तरुण संघाचेही हात असतात.

तथापि, ज्याने दानपेटीतले पैसे खाल्ले किंवा लेकरांस इजा केली, त्याने हाच हक्क पुढे करून पुन्हा तेच काम मागावे, हे आम्हांस मान्य नाही. त्याच्या पश्चात्तापाचा स्वीकार करावा, पंक्तीस बसवावे. किल्ली देऊ नये. म्हणून एखादे कुटुंब दुसऱ्या गावी जाऊ लागले म्हणजे पाळकांनी व उपदेशकांनी दाखल्यात सध्याची स्थिती तेवढी लिहावी. जुनी शिस्त, ती पुरी झाली असल्यास, लिहू नये. तिकडील मंडळी त्या मनुष्यास पैशाच्या किंवा मुलांच्या कामावर नेमणार असेल, आणि त्याचा अपराध त्याच जातीचा असेल, तर मात्र त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, आधी त्या मनुष्यास सांगून, वेगळे पत्र पाठवावे.