न मागतां मिळणारें कर्ज

मागील महिन्यांत एका रविवारीं सकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. वीस वर्षांपूर्वीं तो आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गांत बसत असे. पुढें तो संगणकाकडे वळला, व आज पुण्यांत बसून अमेरिकेंतील एका ऑनलाइन फर्निचरच्या दुकानाचें काम करतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, एक शंका विचारावयाची आहे. आमच्या दुकानांत गिऱ्हाइकाला हप्त्यांनीं पैसे देण्याची सोय मला बसवून द्यावयाची आहे. काम चार दिवसांचें आहे. पण त्यांतून लोकांच्या डोक्यावर जें कर्ज होईल, त्याचा कांहीं वांटा माझ्याकडे येतो कीं नाहीं?" प्रश्न ऐकून आम्हांस बरें वाटलें, उत्तर मात्र त्या दिवशीं सुचलें नाहीं.

यंत्र न पाहतां त्याची नीति सांगावयास बसणें हा आमच्या धंद्यांतील लोकांचा जुना दोष आहे. म्हणून आम्हीं त्याला प्रथम ती सोय कशी चालते तें दाखवावयास सांगितलें. सोय पुरविणारी कंपनी अफर्म नांवाची. पेपॅलच्या संस्थापकांपैकीं एक, मॅक्स लेव्हचिन, यांनीं ती २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें काढली. गिऱ्हाइकानें माल घेतला कीं अफर्म आपलें कमिशन कापून दुकानदाराला एकरकमी पैसे देते, आणि गिऱ्हाइकाकडून दरमहा हप्ता घेते. पैसे बुडाले तर ते दुकानदाराचे बुडत नाहींत. म्हणजे दुकानाच्या आंतच सावकाराला एक पाट मांडून दिला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा पाट मांडावयास जावास्क्रिप्टच्या मोजक्याच ओळी लागतात. दुकानाची ओळख पटविणारी एक सार्वजनिक किल्ली त्या ओळींत असते. गिऱ्हाइकानें अफर्मचा पर्याय निवडून बटण दाबलें कीं टोपलींतील जिनसा, नांव, पत्ता, कर, पाठवणुकीचा खर्च व एकूण रक्कम यांची एक यादी तयार होते. ही रक्कम डॉलरांत नव्हे, सेंटांत लिहावयाची असते. बाराशें डॉलर म्हणजे १२००००. दोन शून्यें विसरलीं तर बाराशेंचें टेबल बारा डॉलरांस जावयाचें! ही यादी घेऊन गिऱ्हाईक अफर्मच्या दालनांत जातें; तेथें त्याची पत पाहून कर्ज मंजूर झालें व त्यानें अटी मान्य केल्या, कीं तें एक टोकन घेऊन दुकानांत परत येतें. दुकानाचा सर्व्हर तें टोकन आपल्या खाजगी किल्लीनिशीं अफर्मकडे पाठवितो, तेव्हां व्यवहार अधिकृत होतो; आणि माल रवाना करतेवेळीं दुकान आणखी एक निरोप पाठवितें, तेव्हां पैसे वसूल होतात. खाजगी किल्ली पानाच्या ओळींत कधींही ठेवावयाची नसते, कारण त्या ओळी कोणीही उघडून वाचूं शकतो.

हें सर्व ऐकतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. दुकानदाराला या रचनेंत दोनदां थांबावयास जागा आहे: टोकन आल्यावर एकदां, आणि माल पाठविण्यापूर्वीं एकदां. मध्यंतरीं माल संपला असेल, पत्ता संशयास्पद वाटला असेल, तर तो व्यवहार रद्द करूं शकतो. गिऱ्हाइकाला थांबावयास जागा कोठें आहे? विद्यार्थी म्हणाला, "अफर्मच्या पानावर आहे, सर. व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या व एकूण व्याज तेथें स्पष्ट दिसतें. शिवाय हप्ता चुकला तरी दंड नाहीं." हें खरें आहे, आणि अफर्मला त्याचें श्रेय दिलें पाहिजे. पण तें पान येण्यापूर्वींच मन तयार झालेलें असतें. तें तयार करते ती दुसरी एक ओळ, जी प्रत्येक जिनसेच्या किंमतीखालीं बसवावयाची असते. तिला किंमत पुरविली कीं "दरमहा इतक्यापासून" हा आंकडा ती आपोआप मोजून दाखविते.

आम्हीं कागद घेऊन गणित केलें. बाराशें डॉलरांचें टेबल, बारा हप्ते. व्याज नसेल तर हप्ता १०० डॉलर. व्याज सालीना १५ टक्के असेल तर १०८ डॉलर ३१ सेंट, आणि अफर्मचा कमाल दर जो ३६ टक्के, तो लागला तर सुमारें १२० डॉलर ५५ सेंट. महिन्याच्या आंकड्यांत शंभर आणि एकशें वीस यांचें अंतर डोळ्यांत भरत नाहीं. वर्षाच्या शेवटीं मात्र पहिल्यानें कांहींच जादा दिलेलें नसतें, आणि दुसऱ्यानें सुमारें २४७ डॉलर दिलेले असतात. ज्याची पत कमी त्याला दर जास्त, हें सावकारीचें गणित अगदीं जुनें आहे; नवीन आहे तें इतकेंच कीं तें आतां बाराशेंच्या शेजारीं शंभराचा आंकडा ठेवून सुरू होतें.

येथें आमच्या पूर्वग्रहाची कबुली दिली पाहिजे. कर्ज सहज मिळूं नये, असें आम्हांस लहानपणापासून वाटत आलें आहे, आणि त्याचें कारण आमचें घर. आमचे वडील शाळेंत शिक्षक होते. आईला शिवणयंत्र हवें होतें. शिवणयंत्र आणि हप्ता यांचें नातें तसें जुनेंच, कारण अमेरिकेंत सिंगर कंपनीनें १८५६ च्या सुमारास हप्त्यांनीं विक्री सुरू केली ती याच यंत्राची. वडिलांनीं मात्र दुकानदाराकडे न जातां शिक्षकांच्या पतपेढींत अर्ज केला. दोन जामीन लागत. त्यांपैकीं एका गृहस्थांनीं सही करण्यापूर्वीं आमच्या घरीं येऊन पगार किती, खर्च किती, यंत्रावर शिवण किती मिळेल, याची वडिलांकडे अर्धा तास चौकशी केली. वडील त्या दिवशीं जेवतांना बोलले नाहींत. दोन महिन्यांनीं यंत्र आलें, आणि पुढें त्यानेंच आमच्या फीचे पैसे दिले. ही आठवण आम्ही थांबण्याच्या बाजूनें सांगत आलों आहों. परंतु त्याच शाळेंतील शिपायाला मुलीच्या लग्नासाठीं जामीन मिळाला नाहीं, हेंही आम्हांस ठाऊक आहे. तो खाजगी सावकाराकडे गेला, आणि निवृत्त होईपर्यंत व्याजच देत राहिला. थांबावें लागलें म्हणून वडील शहाणे झाले. शिपायाला तेंच थांबणें महाग पडलें.

म्हणजे थांबण्याला स्वतःचें असें मोल नाहीं. त्यांत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या: एक, दुसऱ्यापुढें मान खालीं घालणें, दुसरी, एकूण देणें किती याचा शांतपणें हिशेब होणें. अफर्मसारख्या सोयीनें पहिली काढून टाकली, तें चांगलेंच केलें. पण पहिलीबरोबर दुसरी वाहून गेली, आणि ती वाहून जाणें अपरिहार्य नव्हतें.

मग जबाबदारी कोणाची? "मीं नुसतें बटण बसविलें" हें उत्तर विद्यार्थ्याला स्वतःलाच पटत नव्हतें. नाहींतर तो आमच्याकडे आलाच नसता. आम्हांस येथें आपल्याच प्रांताचा इतिहास आठवला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठून त्यांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत एक तरतूद फार मार्मिक होती: शेतकऱ्याचें कर्जखत गांवच्या रजिस्ट्रारनें स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीं लिहिलेलें व त्याची साक्ष असलेलें असलें पाहिजे. सावकार वाईट, ऋणको अडाणी, एवढ्यावर कायदा थांबला नाहीं. खत कोण व कसें लिहितो याकडेही त्यानें पाहिलें. कारण लिहिणाराला जें दिसतें तें अंगठा उठविणाराला दिसत नाहीं. आजचें खत जावास्क्रिप्टमध्यें लिहिलें जातें. कोणता आंकडा आधीं दिसावा, कोणता मोठा असावा, कोणत्या जिनसेखालीं ती ओळ यावी, हें तिचा लेखक जाणतो, गिऱ्हाईक जाणत नाहीं. जितकें जाणणें तितका वांटा, असा हिशेब आम्हीं त्याला सांगितला. त्याहून अधिक नाहीं. गिऱ्हाईक जाणतें माणूस आहे, त्याच्या हौशीचा भार प्रोग्रामरनें घेऊं नये.

कोणी म्हणेल, हें काम कायद्याचें आहे. कायदा तें करतोही. अमेरिकेंत १९६८ च्या कायद्यानें कर्जाचा खर्च ऋणकोला स्पष्ट कळविण्याचें बंधन आहे. आपल्याकडे २०१३ सालीं रिझर्व्ह बँकेनें बँकांना बजावलें कीं शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते. आणि २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांत कर्जाचा सर्व खर्च सांगणारें पत्रक आधीं द्यावें, व कर्ज घेतल्यावर कांहीं मुदतींत मुद्दल व तेवढ्या काळाचा खर्च भरून, दंडावांचून बाहेर पडतां यावें, असें घातलें. थांबण्याची जागा कायद्यानें अशी परत आणली, हें पाहून आम्हांस समाधान वाटतें. पण पत्रक पुढें यावयाच्या आधीं डोळा कोठें पडतो, हें कायद्याला नेमकें सांगतां येत नाहीं. (आम्हीं स्वतः गेल्या दिवाळींत "नो कॉस्ट ईएमआय" वर मोबाइल घेतला, आणि तें पत्रक वाचलें नाहीं, हेंही येथें सांगून टाकतों.)

विद्यार्थ्यानें आपल्या वरिष्ठांस दोन सूचना लिहून पाठविल्या. एक, दोनशें डॉलरांच्या आंतील जिनसांखालीं हप्त्याची ओळ दाखवूं नये. उशी आणि चादर यांसाठीं कर्ज नको. दुसरी, मासिक आंकड्याखालीं, त्याच आकाराच्या अक्षरांत, कमाल दरानें एकूण किती द्यावे लागतील तें लिहावें. पहिली सूचना मान्य झाली. दुसरीविषयीं उत्तर आलें कीं कर्जाच्या जाहिरातीची भाषा तिकडे कायद्यानें बांधलेली असल्यामुळें अफर्मच्या व दुकानाच्या, दोन्हीं वकिलांना ती दाखवावी लागेल. शिवाय विक्री किती घटेल याचा अंदाजही हवा आहे. तोंवर त्यानें चाचणीच्या दुकानांत ती ओळ बसवून पाहिली, आणि परवां तिचें चित्र आम्हांस पाठविलें. टेबलाच्या चित्राखालीं "दरमहा १०० डॉलरांपासून", आणि त्याखालीं "एकूण १४४७ डॉलरांपर्यंत". आमच्या पत्नीनें तें चित्र पाहिलें आणि विचारलें, "टेबल आहे कसल्या लाकडाचें?"