कबुली

जाहिरात म्हणजे खोटे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु एका जुन्या जाहिरातीपाशी माझे हे सूत्र अडते.

४ नोव्हेंबर १९५२ ची रात्र. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. रेमिंग्टन रँड कंपनीने निकालाचे भाकीत करण्यासाठी आपला ‘युनिव्हॅक’ संगणक सी. बी. एस. या दूरचित्रवाणी कंपनीच्या दिमतीला दिला. हेतू उघड होता : यंत्राचा गाजावाजा. खरे यंत्र फिलाडेल्फियात होते. स्टुडिओत दिसत होता तो लुकलुकत्या दिव्यांचा नुसता देखावा. थोडीशीच मते हाती आली असताना यंत्राने सांगितले : आयझेनहॉवर ४३८, स्टीव्हन्सन ९३. जनमत चाचण्यांनी तर चुरशीची लढत वर्तवली होती. यंत्राच्या माणसांनाच धीर झाला नाही. त्यांनी गणितातली गृहीते बदलली आणि निसटत्या विजयाचे उत्तर लोकांपुढे ठेवले. प्रत्यक्ष निकाल लागला ४४२ विरुद्ध ८९! त्याच रात्री कंपनीच्या आर्थर ड्रेपर यांनी चूक कबूल केली.

म्हणजे दाखवले ते खोटे आणि लपवले ते खरे! आणि ही कबुलीच युनिव्हॅकची सर्वांत मोठी जाहिरात ठरली.

संशय घेतला हा त्यांचा दोष काय? मला तसे वाटत नाही. नव्या यंत्रावर डोळे मिटून विश्वास टाकणे म्हणजे शहाणपण नव्हे. दोष पुढच्या पायरीत आहे. स्वतःचा अविश्वास त्यांनी यंत्राचे उत्तर म्हणून खपवला.

मला माझा एक विद्यार्थी आठवतो. शेवटच्या बाकावरचा. एका अवघड गणिताचे उत्तर त्याने बिनचूक लिहिले. रीत मात्र एकाच ओळीची. कॉपी केली असणार, असे ठरवून मी शून्य दिले. पुढे ते गणित फळ्यावर सोडवताना ध्यानात आले, की ती एक ओळ पुरेशी होती. मी गप्प राहिलो.

ड्रेपर यांच्या कबुलीत कंपनीचा फायदा होता, हे खरे. पण तेवढ्याने कबुली खोटी ठरत नाही. माझ्या कबुलीत मला काहीच मिळणार नव्हते. म्हणून मी ती दिली नाही. शिवाय युनिव्हॅकला अपमान कळत नव्हता. त्या मुलाला कळत होता.

जाहिरातवाल्यांना मी आजही खोटारडे म्हणतो; पण म्हणताना ते शून्य डोळ्यांपुढे येते आणि आवाज जरा खाली जातो.