देवावर काढलेली हुंडी

सुरत हे हुंडीचे शहर. सतराव्या शतकात येथील विरजी व्होरासारख्या सावकाराची पत तांबड्या समुद्राच्या बंदरांपर्यंत चालत असे, आणि 1664 साली शिवाजी महाराजांच्या फौजेने येथील ज्या हवेल्या धुंडाळल्या त्यांत त्याचीही हवेली होती. लिहून देणारा एका मुक्कामी, पैसे चुकते करणारा दुसऱ्या मुक्कामी, आणि मधल्या चोराचिलटांच्या वाटेवर एका कागदाच्या चिठोऱ्यावाचून काही नाही, अशा या व्यवहारातून गुजरातच्या भक्तिसंप्रदायाने श्रद्धेची आपली सर्वांत धीट कथा घडवली, यात आश्चर्य नाही. जुनागढच्या टवाळखोरांनी द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंना थट्टेने नरसी मेहत्याकडे धाडले. नरसीने त्यांचे सातशे रुपये ठेवून घेतले, द्वारकेच्या शामळशा शेठच्या, म्हणजे साक्षात श्रीकृष्णाच्या, नावे हुंडी लिहून दिली, आणि ती शेठाने सकारली. ताहराबादच्या महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त हा गुजराती भक्त आपल्या संतांच्या पंक्तीस सन्मानाने बसवला आहे, आणि त्याच ग्रंथात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही आहे.

या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. नरसीची हुंडी सकारली गेली त्याआधीच यात्रेकरूंचे द्रव्य साधुसंतांच्या सेवेत वेचले जाऊ लागले होते. दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची सरकारी धान्याची कोठारे दुष्काळात उपाशी रयतेला आधी खुली केली, आणि विठोबा विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन रक्कम भरून रसीद घेऊन आला तो मागाहून. दोघांच्याही प्रार्थनेतला धीटपणा शब्दांत नव्हता. परतण्याची वाट स्वतःच तोडून टाकल्यावर उरलेल्या एकुलत्या एका आशेचे ते नाव होते. ईश्वराच्या वचनावर विसंबणे म्हणजे हेच असेल, तर आपण ज्याला प्रार्थना म्हणतो तिचा बराचसा भाग निराळ्याच सदरात टाकावा लागेल.

आजच्या सुरतेत उधना-दिंडोलीच्या अंगाला नवागाम म्हणून जी वस्ती आहे, तेथे या प्रश्नाचा विचार करावयास पुष्कळ सामग्री मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून यंत्रमागांच्या आणि साडीबाजाराच्या आधाराने आलेली खानदेशी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बाजारात गुजराती, घरात अहिराणी आणि देवापुढे मराठी असा त्यांचा त्रिविध संसार आहे. श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याच्या रोटाचे दळण होते, आणि हे धान्य कित्येक घरांतून कुटुंबातल्या पुरुषांच्या नावे मोजून घेण्याची चाल आहे. सप्तशृंगीला बोललेला नवस फेडण्यासाठी उसने पैसे काढणारा माणूस तेथे दुर्मीळ नाही, आणि त्याला हसण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाला नाही. तरीही नवसाची कलमे तपासली तर दिसते ते असे की त्यात वचन माणूस देतो आणि देवाने प्रथम आपली बाजू पुरी करावी अशी अट असते: मूल झाले तर, नोकरी लागली तर. हुंडीत हा क्रम उलटा असतो. तेथे वचन देवाचे गृहीत धरलेले असते आणि द्रव्य माणसाचे आधी खर्ची पडलेले असते.

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासात अशी हुंडी उघड्या डोळ्यांनी, हिशेब मांडून, काढणारी एक स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाई 1858 साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा, पुराणपठण आणि दानधर्म यांत होते नव्हते ते वेचले, देव आपले योगक्षेम चालवील या भरवशावर. आणि 1874 च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही गेली. म्हणजे ईश्वरी आश्वासनाचा कागद एकदा नाकारला जाऊन परत आलेला या बाईंनी ऐन वयात पाहिला होता. अशा अनुभवानंतर मनुष्य नास्तिक होतो किंवा निमूट होतो. रमाबाई यांपैकी काहीच झाल्या नाहीत. 1883 साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले, आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथ मुले कशी पोसली याचा वृत्तांत वाचून, हे हिंदुस्थानात का घडू नये, असा प्रश्न स्वतःस घातला.

शारदासदनास बोस्टनच्या मंडळीने दहा वर्षांच्या मदतीचे अभिवचन दिले होते. त्याची मुदत 1898 साली संपावयाची होती. पुढेही साहाय्य येत राहिले, परंतु ठरलेल्या रकमेचा करार उरला नाही. शहाण्या कारभाऱ्याने अशा वेळी खर्चास कात्री लावली असती. रमाबाईंनी त्याच सुमारास उलट मार्ग धरला. लोणावळ्याच्या 1896 सालच्या धर्ममेळ्यात, ख्रिस्तास शरण गेलेल्या आपल्या पंधरा मुली समोर असता, त्यांनी या संख्येचा वर्ग मागितला: पुढील मेळ्यापूर्वी दोनशे पंचवीस. प्रार्थनेत गणित आणणारी ही बाई संस्कृत पंडितांच्या घरची होती हे ध्यानात घेतले म्हणजे मौज वाटते. आपल्याकडे देवाकडे मागताना आकडा घालण्याची रीत नाही, सव्वा रुपयाचा अपवाद सोडला तर.

मग मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. शारदासदन तोवर पुण्यात आले होते, पण तेथे प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या मोकळ्या शेतजमिनीवर नेणे भाग पडले, आणि मुक्तिसदन वसले. मागितलेला आकडा भरला खरा. परंतु येथे थांबून विचार करणे प्राप्त आहे. एका स्त्रीची प्रार्थना फळावी म्हणून प्रांतच्या प्रांत उपाशी मरावा काय? आणि भुकेल्या मुलीने स्वीकारलेला धर्म हा कितपत तिचा म्हणावयाचा? दुसरा आक्षेप रमाबाईंच्या समकालीनांनी घेतला होता. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर 1893 सालीच शारदासदनाच्या सल्लागारपदावरून दूर झाले होते. तो आक्षेप मला आजही निकालात निघालेला वाटत नाही. पहिल्याविषयी एवढे म्हणता येईल की दुष्काळ कोणाच्या प्रार्थनेने पडला नाही. तो पडल्यावर दाराला कडी घालावयाची की दार उघडावयाचे, एवढाच प्रश्न माणसाच्या हाती होता, आणि दामाजीपंतांपुढेही दुसरा प्रश्न नव्हता.

पुढे 1900 साली, छप्पनियाच्या दुष्काळात, गुजरातेतल्या मुलीही मोठ्या संख्येने केडगावास आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. नवागामात ज्या वाटेने महाराष्ट्र गुजरातेत पोट भरावयास आला, तिच्या नेमक्या उलट दिशेने तेव्हा गुजरात महाराष्ट्रात भाकरीसाठी आला होता. रोटाचे दळण मोजताना ज्यांच्या नावाची मूठ पडत नाही, अशांचीच ती मोजणी होती.

विशाल मागणे मराठीला नवे नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेवरील टीकेच्या शेवटी जे पसायदान मागितले त्यात स्वतःसाठी काही नाही आणि दुष्टांनाही वगळलेले नाही. सातशे वर्षे आपण ते म्हणत आलो, आणि अखेर त्याचा सूर इतका गोड झाला की आपण काय मागतो आहोत याची धास्ती वाटेनाशी झाली. रमाबाईंच्या रोकड्या आकड्यात ती धास्ती आहे, कारण प्रत्येक एककामागे एक पोट होते.

त्यांच्या साऱ्याच हुंड्या सकारल्या गेल्या असे मात्र नाही. जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती एकुलती मुलगी मनोरमा 1921 साली आईच्या आधी गेली. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम तेव्हा हाती होते, आणि ऐकू येणेही फार मंदावले होते. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.