खाडा

आज बुधवार, ३१ डिसेंबर. जेवणाच्या टेबलावर दोन कालनिर्णय शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक सरत्या वर्षाचं, खिळ्यापाशी फाटलेलं, कडांना तेलाची बोटं लागलेलं. दुसरं २०२६ चं, अजून शाईचा वास येणारं. आपलं वर्ष पाडव्याला बदलतं, पण घराचा हिशेब आज बदलतो. गॅसची टाकी कधी लावली, सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी कधी येते, विम्याचा हप्ता कोणत्या महिन्यात भरायचा, हे सगळं जुन्यावरून नव्यावर उतरवायचं काम लग्न झाल्यापासून माझंच आहे.

या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं अक्षर आहे ‘ख’. ख म्हणजे खाडा. दुधाचा रतीब ज्या दिवशी आला नाही, त्या चौकोनात निळ्या शाईने ख. धुणंभांडी करणाऱ्या बाई आल्या नाहीत, तर लाल शाईने. यंदाचे बारा महिने आज मोजले. दुधाचे एकोणीस खाडे झाले, बाईंचे सव्वीस. मोजता मोजता माझं बोट थांबलं. माझ्या खाड्याची नोंद या कागदावर कुठे आहे? यंदाच्याच नव्हे, माळ्यावर बांधून ठेवलेल्या सगळ्या जुन्या कॅलेंडरांत मिळून माझ्या नावाचा एकही ख नाही.

त्याचं कारण मी आजारी पडले नाही हे नव्हे. खाडा लिहायचा तर आधी हजेरी लिहावी लागते. जिची हजेरीच कोणी मांडत नाही, तिचा खाडा कुठून दिसणार? ती आहेच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं असतं. भिंत असते, उंबरा असतो, तशी ती असते.

आपल्या समाजाला विसाव्याची किंमत कळत नाही असं मात्र नाही. माझं माहेर वाई तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो, घाटावर इतरत्र आणि विदर्भात पोळा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी, हळद आणि तूप लावून त्याचे खांदे चोळायचे. माझे वडील हे इतक्या मायेने करत की बैल डोळे मिटून उभा राहायचा. ज्याच्या खांद्यावर वर्षभर ओझं असतं, त्याचा खांदा दुखत असणार, हे ज्या माणसाला बैलाबद्दल कळत होतं, तो माणूस काही कठोर नव्हता.

पंढरपूरचा विठोबा घ्या. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात. शेजघरात जायचं नाही, वारकऱ्यांसाठी रात्रंदिवस उभं राहायचं. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. देवाला न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि मग त्याचा पलंग परत येतो. उभा राहून राहून देवाचेही पाय दुखत असतील हे ज्या लोकांना सुचलं, त्यांची मी लेक आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं चिकाटी धरून रविवार मिळवला. आज आपण जो रविवार गृहीत धरतो, तो असा मागून, भांडून मिळालेला आहे. पण कामगाराला मिळालेला रविवार त्याच्या बायकोपर्यंत पोहोचला का? माणसं घरी असली की चहा दोनदा जास्त होतो, जेवणात एखादा पदार्थ वाढतो, पाहुणे येतात. बैलाला बेंदूर, देवाला पलंग, कामगाराला रविवार. ज्यांनी हे सगळं इतक्या समजुतीने ठरवलं, त्यांची नजर माजघरात का गेली नाही, हा प्रश्न मला या वयात सतावतो.

कोणी म्हणेल, बायकांना महिन्याचे चार दिवस होते की. होते. त्या चार दिवसांविषयी मला नीट लिहायचं आहे, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी फार सोपं बोललं जातं. ‘कावळा शिवला’ की आई पडवीत घोंगडीवर बसायची. चूल नाही, देवघर नाही, पाण्याचा हंडा नाही. तिचं ताट वेगळं, तिला वाढायचं ते वरून. पण शेतकऱ्याच्या घरची बाई त्या दिवसांत स्वयंपाकातून सुटायची, खुरप्यातून नाही. दिवसभर ती रानात असायची. संध्याकाळी मात्र, जेव्हा एरवी ती चुलीपाशी पाठमोरी असे, तेव्हा ती पडवीत बसलेली असायची. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसायचे. मधल्या जमिनीवर चिंचोके मांडून तिने मला बेरीज शिकवली. तिला शिवायचं नाही, म्हणून ती चिंचोके सरकवून हात मागे घ्यायची, मग मी ते उचलायचे.

माझी आई मला समोरून भेटली ती त्या चार संध्याकाळी. म्हणून कोणी त्या प्रथेला ‘बायकांची विश्रांती’ म्हटलं की मला आतून दोन गोष्टी एकदम वाटतात. हो, तिला बसायला मिळत होतं. पण बसायला मिळावं म्हणून तिला विटाळ व्हावं लागत होतं. खाडा हवा तर आधी स्वतःला अपवित्र म्हणवून घ्यायचं, हा व्यवहार खोटा आहे. विसावा हा शिक्षेच्या पानावर वाढायचा नसतो. ती प्रथा गेली हे चांगलंच झालं. दुःख याचं आहे की ती जाताना विसावाही गेला आणि त्याच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन मी कराडला आले. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रेमळ होत्या. पण ‘बाईमाणसाने बसू नये, बसलं की गंज चढतो’ हे त्यांचं बोलणं. माझा खाडा म्हणजे माहेर. नागपंचमीचे दोन दिवस, दिवाळीचे चार, पहिल्या बाळंतपणाचे तीन महिने. तेही भावाने न्यायला यायचं आणि सासऱ्यांनी ‘जाऊन ये’ म्हणायचं, तेव्हा.

आणि मग मी सासू झाले. इथे मला खरं लिहिलं पाहिजे. माझी सून नोकरी करते. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती रविवारी आठपर्यंत झोपायची. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. मी फक्त भांडी लावायला घ्यायचे, आणि ती जरा जोराने लावायचे. पातेल्यावर पातेलं आपटल्याचा आवाज बरोबर तिच्या खोलीपर्यंत जायचा. तीन-चार रविवारांनंतर ती साडेसहाला उठायला लागली. तेव्हा मला वाटलं, पोरगी शहाणी आहे, न सांगता समजली. आज वाटतं, लोखंड्यांनी मिळवलेला रविवार मी माझ्या घरात तीन पातेल्यांनी हिरावून घेतला. ज्याची खंत मी आयुष्यभर बाळगली, तेच मी पुढे वाढलं.

असं का झालं, याचं उत्तर मला या नोव्हेंबरात मिळालं. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पंधरा दिवस गॅससमोर उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पहिल्या दिवशी सकाळी मी गादीवर बसून स्वयंपाकघरातले आवाज ऐकत होते. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. आमटीला फोडणी बसली, वास बरोबर आला. डबे भरले गेले. मुलाने पोळ्या लाटल्या, आकार वेडेवाकडे, पण फुगल्या. नऊ वाजता घर वेळेवर बाहेर पडलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

माझ्यावाचून घर चालतं, हे मला बघवलं नाही. तेव्हा उमगलं की इतकी वर्षं मला कोणी खाडा दिला नाही, हे अर्धंच खरं आहे. मीही तो मागितला नाही. माझ्या नावावर जमीन नव्हती, नोकरी नव्हती, पेन्शन नव्हती. ‘तुमच्यावाचून पान हलत नाही’ हे एवढंच वाक्य माझ्या मालकीचं होतं. खाडा घेतला आणि पान हललं, तर मग माझं काय उरलं? या भीतीपोटी बायका तापातही उठून पोळ्या लाटतात आणि त्याच भीतीपोटी सुनेच्या झोपेवर पातेली आपटतात. कष्ट वाटून घ्यायला आपण तयार असतो, पण आपलं आवश्यक असणं वाटून घ्यायला मन तयार होत नाही.

त्या पंधरा दिवसांत नात माझ्यापाशी बसून तिच्या कॉलेजचं वाचायची. तिने मला केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीतले आकडे वाचून दाखवले. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. त्यातही घरकामाला हात लावणारेच पुरुष कमी. ती म्हणाली, “आजी, कोणीतरी मिनिटं मोजली बघ.” मला त्या मोजण्याचंच समाधान वाटलं. कुठल्यातरी कागदावर आमची हजेरी लागली.

पण आकड्यांनी खाडा मिळत नाही. खाड्याला बदली लागते. गिरणीत एखादा कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राहायचा. घरात आपण काय करतो? ‘आज तू आराम कर’ असं म्हणतो, आणि संध्याकाळी ती उठते तेव्हा ओट्यावर सकाळपासूनची भांडी तिची वाट बघत असतात. हा खाडा नव्हे, हे काम पुढे ढकलणं आहे. नाहीतर ‘बाहेरून मागवू’ म्हणतो, म्हणजे आपल्या घरचं काम दुसऱ्या कुठल्यातरी शेगडीसमोर नेऊन ठेवतो. तिसरा मार्ग म्हणजे ‘बाई करतील’. आणि त्या बाईंचे सव्वीस खाडे मी लाल शाईने लिहिले, त्यातल्या प्रत्येकाचे पैसे कापले. मुलगा तापाने फणफणला होता म्हणून त्या सलग पाच दिवस आल्या नव्हत्या. तेव्हा मी काळजीने विचारपूस केली, खिचडीचा डबा दिला, आणि महिनाअखेरीला पाच दिवसांचे पैसे कापले. दोन्ही मीच केलं, आणि त्यात मला काही विसंगत वाटलं नाही. आज कापलेले सगळे पैसे मोजून पाकिटात घातले आहेत. उद्यापासून त्यांचा आठवड्यातला एक दिवस भरपगारी सुट्टीचा. त्यात माझा मोठेपणा नाही. हे देणं मी फार उशिरा चुकतं करते आहे.

मी आता पंचाहत्तरीत आहे. कुटुंब टिकतं कशावर, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी ‘त्यागावर’ म्हटलं असतं. आता मला त्या शब्दाचा धाक वाटतो, कारण त्याग नेहमी एकाच बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूला त्याची सवय होते. घर टिकतं ते बदलीवर. माझी जागा तू घेशील आणि तुझी मी, या भरवशावर. ज्या घरात एखाद्या माणसाला निश्चिंतपणे गैरहजर राहता येतं, ते घर त्याचं असतं. जिथे क्षणभरही नसण्याची मुभा नाही, तिथे ते माणूस नुसतं कामावर असतं, मग त्याला आई म्हणा की आजी.

नवं कालनिर्णय चाळताना मेचं पान उघडलं. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ, धोंड्याचा महिना. आमच्याकडे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. याही वेळी देऊ, जावई गुणाचा आहे. पण या महिन्याचं गणित मला आज वेगळंच दिसलं. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतं. आपलं पंचांग ते दिवस बुडवत नाही. साठवत राहतं, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना परत करतं. आकाशातल्या चंद्राचं राहिलेलं देणंसुद्धा इतक्या चोखपणे फेडणारे आपण लोक आहोत. घरातल्या बाईचे राहिलेले दिवस तेवढे आपल्याला कधी मोजता आले नाहीत.

म्हणून आज नातवाला जवळ बोलावलं. तो बारा वर्षांचा आहे, अक्षर सुरेख आहे. त्याला हिरवं पेन दिलं आणि सांगितलं, ४ जानेवारी, रविवार, इथे लिही, ‘आई : खाडा’. त्याने लिहिलं. ११ जानेवारीला ‘बाबा’. पुढच्या रविवारी ‘ताई’. दाराशी उभी राहून सून बघत होती. काही बोलली नाही, पण आत जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

नातवाने पान उलटता उलटता विचारलं, “आजी, तुझा कधी?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर तयार नव्हतं. मी उगाच जुन्या कॅलेंडरची सुरकुतलेली कड सरळ करत राहिले. मग मेचं पान काढायला सांगितलं. १७ तारीख, रविवार, अधिक महिन्याचा पहिला दिवस. त्या दिवशी मी काय करीन ते मला माहीत नाही. कदाचित वाईला जाईन, माहेरच्या पडवीत बसेन.

त्याने चौकोनात हिरव्या शाईने ‘आजी’ लिहिलं, पुढे ख काढला. क्षणभर पेन तसंच धरून ठेवलं. मग त्या ख-च्या खाली, उरलेल्या इवल्याशा जागेत, बदली म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.