वादळाचे किती, वाळवीचे किती?

२०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले आणि १७ तारखेच्या रात्री सौराष्ट्रात उनेनजीक जमिनीवर आले. आपल्या भागात त्याने माड व आंबे उन्मळून पाडले, विजेचे खांब वाकविले आणि कित्येक घरांची कौले उडविली. त्यानंतर ओळखीच्या काही कुटुंबांनी घराचा विमा उतरविला, हे योग्यच झाले. परंतु विम्याबरोबर एक प्रश्नही घरात येतो, आणि तो निव्वळ पैशाचा नाही असे आम्हांस वाटते.

जुन्या कौलारू घराचे छप्पर वाशांवर आणि रिपांवर उभे असते. चाळीस-पन्नास वर्षांचा वासा वरून रंगविलेला, आतून वाळवीने पोखरलेला असा असतो. त्यावर झाडाची फांदी येते व तो मोडतो. फांदी आली नसती तर वासा आणखी चार पावसाळे निघाला असता. वाळवी नसती तर फांदीने तो मोडला नसता. दोन्ही विधाने खरी आहेत. मग भरपाईच्या अर्जात कोणते लिहावयाचे?

आमच्या घरावर त्या वेळी फणसाची मोठी फांदी पडून चार वासे मोडले. पाहणीस आलेले कंत्राटदार कामाला चोख गृहस्थ होते. ते वडिलांस म्हणाले, "भटमाम, बारा वासे लिहू या. कंपनी अर्धे कापतेच. उरलेले आठ जुने झालेच आहेत, तेही त्यातच बदलून होतील." या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आम्हांवर उपकार करण्याचीच त्यांची भावना होती, आणि अवघड होते ते हेच. करोनाच्या संचारबंदीने त्या दिवसांत पूजाअर्चेचे उत्पन्न जवळजवळ थांबले होते. तरीही वडिलांनी चारच वासे लिहावयास सांगितले; इतकेच नव्हे, तर त्यांतील दोन आतून खाल्लेले होते हेही विम्याच्या सर्वेक्षकांस स्वतः दाखविले. भरपाई अर्थातच कमी आली. आईने वर्षासनासाठी बाजूला ठेवलेले पैसे छपरास लागले.

हा भोळेपणा झाला असे काही आप्तांचे मत पडले. त्यांच्या म्हणण्याचा विचार केला पाहिजे, कारण 'कंपनी कापतेच' हे अगदीच निराधार नाही. परंतु कंपनी का कापते? बारा लिहिणारे पुष्कळ असतात म्हणून. म्हणजे ज्याने खरे चार लिहिले, त्याचे दोन कापले जाण्यास आजूबाजूचे बारा लिहिणारेच थोडेफार कारणीभूत होतात. विम्याचा पैसा कोणा सावकाराच्या पेटीतला नसून तो मुख्यतः हप्ते भरणाऱ्या घरांचाच असतो. आपल्याकडील खाजणांचे बांध गावकरी मिळून राखीत. एकाने बांधाची माती उचलून आपले अंगण भरले, तर भरतीचे पाणी सर्वांच्या शेतात शिरे. ती माती 'कोणाचीच नव्हती' असे त्याला म्हणता आले नसते.

आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतील मध्यवर्ती कार्यालयाचे नाव 'योगक्षेम' असे आहे. या शब्दाची फोड आचार्यांनी गीताभाष्यात केली आहे: न मिळालेले मिळणे हा योग, आणि मिळालेल्याचे रक्षण हा क्षेम. घराचा विमा हा केवळ क्षेमाच्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विम्यातही अंशतः मोडलेले घर साधारण पूर्वीच्या स्थितीस आणण्याचाच खर्च मिळतो. वादळाच्या निमित्ताने जुन्या छपराचे नवे करून घेणे म्हणजे क्षेमाच्या हंडीत योग शिजविणे होय.

मात्र सचोटीचा अर्थ मिळेल ते मुकाट्याने घेणे असाही नाही. १७६६ साली इंग्लंडातील न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याचा खटला आला. किल्ल्याची दुर्बलता आपणांपासून लपविली, अशी विमा देणाराची तक्रार होती. मॅन्सफील्ड यांनी सचोटीचे बंधन दोन्ही पक्षांवर आहे असे सांगितले, आणि निकाल विमा घेणाराच्या बाजूने दिला. तेव्हा जे आपले आहे ते संकोच न करता मागावे. उपर्युक्त विम्यात ढिगारा हलविण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. पुष्कळांस हे ठाऊक नसल्याने ते मागतच नाहीत. रक्कम कापली गेल्यास कारण लेखी मागावे व सर्वेक्षकांच्या अहवालाची प्रत मागावी. कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीने समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क पडत नाही. वडिलांनीही एक पत्र लिहिले होते. फुटलेल्या कौलांची संख्या अहवालात कमी धरली होती, ती त्यामुळे दुरुस्त झाली.

कंत्राटदाराशी वागतानाही हेच धोरण असावे. किती वासे, कोणते लाकूड, किती कौले, हे कागदावर घेऊन काम पुढे सरकेल तसतसे पैसे द्यावेत. पण कंपनीचा पैसा आला नाही या सबबीवर सुताराची मजुरी मात्र अडवून धरू नये. त्याचा करार आपल्याशी असतो, कंपनीशी नव्हे.

पाऊस येण्यापूर्वी कौले परतताना प्रत्येक वासा ठोकून पाहावा. पोकळ वासा आवाजावरून कळतो. त्याच वेळी छपराची आतून-बाहेरून छायाचित्रे काढून तारखेसह ठेवावीत. सर्वेक्षक आले म्हणजे वादळाचे किती आणि वाळवीचे किती, हे त्यांना त्यांवरून पाहता येते.