पाठीवरचा भोपळा

2024 साली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली होती. पुण्याहून आलेल्या माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या पिशवीत नव्या कपड्यांखाली हाडांचा सापळा रंगवलेला काळा झगा आणि कवटीचा मुखवटा निघाला. "आजी, आज हॅलोविन आहे. मी भूत होऊन घरोघर जाणार!" सुनेने माझ्याकडे पाहिलं. ऐन सणात मरणाचं सोंग घरात चालेल का, हे तिला विचारायचं होतं.

दोनच दिवसांपूर्वी, धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला, याच पोराच्या हातून मी कणकेचा दिवा उंबऱ्याबाहेर ठेवला होता, वात दक्षिणेकडे करून. यमासाठी. एरवी दिव्याचं तोंड दक्षिणेला होऊ नये म्हणून आपण जपतो, आणि त्या संध्याकाळी मुद्दाम करतो. दिवाळीत मरणाची आठवण नको, असं आपल्या वाडवडिलांनी कधी म्हटलंच नाही. आयर्लंडमध्ये याच दिवसांत सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथले लोक अमेरिकेत गेले आणि सलगमाचा भोपळा झाला. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातली मराठी ख्रिस्ती कुटुंबं 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. दिवस लहान होऊ लागले की माणसाला गेलेली माणसं आठवतात आणि तो दिवा लावतो. त्यामुळे सोंगाची मला अडचण वाटली नाही. माझ्या मनात दुसराच प्रश्न होता: लेकराला जपायचं ते भीती घालून, की सोबत करून?

लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. आई सांगायची, "विहिरीत हडळ आहे, रात्री पोरांना ओढते." मी तिकडे फिरकायची नाही. धाकट्या भावाने मात्र सरळ हिशेब केला: हडळ रात्री येते, मग दुपारी जायला काय हरकत? भर दुपारी शेवाळावरून त्याचा पाय घसरला. मोट हाकणाऱ्या गड्याने उडी टाकली म्हणून तो हाती लागला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी आम्हा दोघांच्या पाठीला वाळका भोपळा बांधला आणि स्वतः पाण्यात उतरले. "हडळीच्या भीतीनं पोर वाचत नसतं, पोहता आल्यावर वाचतं," एवढंच ते म्हणाले. आठ-दहा दिवसांत भोपळा सुटला. विहीर तेवढीच खोल होती, पण तिचं भय गेलं होतं.

खोट्या भीतीचा मोठा तोटा हा, की ती बोट भलतीकडे दाखवते. आपण पोरांना अमावास्येचं भय घालतो आणि धाकट्याच्या हाती बिनधास्त सापाची गोळी देतो, कारण ती फुटत नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या अभ्यासात सर्वांत जास्त सूक्ष्म धूलिकण त्याच गोळीच्या धुरात सापडले होते. पुढच्याच दिवाळीत, 2025 साली, मध्य प्रदेशात कार्बाइडच्या पाइप-बंदुकीने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार उडायला उशीर झाला की मूल नळीत डोकावतं, आणि नेमका तेव्हाच तो उडतो. यात भूत कुठेच नाही. शेजारी मोठं माणूस नाही, एवढंच आहे.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी आहे. तिचा आरंभ अभयाने होतो. दया, क्षमा, शांती सगळं त्यानंतर. ज्ञानेश्वरांनी हे मराठीत आणलं ते आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 साली. आमच्या श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज जन्माने मुसलमान, वाट भक्तीची. दोन्हीकडच्या ढोंगावर त्यांनी कोरडे ओढले आणि ग्रंथाचं नाव ठेवलं 'योगसंग्राम'. अभय म्हणजे संकट नाहीच असं सांगणं नव्हे, हे मला या माणसांमुळे कळलं. संकट जसं आहे तसं दाखवायचं आणि हात सोडायचा नाही, याला मी अभय म्हणते. लेकराच्या बाबतीत तरी माझा धर्म एवढाच.

म्हणून त्या संध्याकाळी मी नातवाला नाही म्हटलं नाही. मुखवट्याची भोकं कात्रीने मोठी केली. पायात येणारा झगा गुडघ्यापर्यंत दुमडून टाके घातले. कापड पणतीशी भुरकन पेटेल असं होतं, ते त्याला एक चिंधी जाळून दाखवलं. तो दचकला, पण दिव्यापासून हातभर लांब का राहायचं ते त्याला पटलं. उसाच्या बैलगाडीला मागे लावतात ती चकाकणारी पट्टी त्याच्या पाठीवर चिकटवली. हातात बॅटरी दिली. उसाच्या कडेने जाताना मोठ्याने बोलत चालायचं, कारण आमच्याकडे बिबट्या खरा आहे, हेही सांगितलं. आणि मी बरोबर निघाले.

चार घरी चकली-करंजी मिळाली. पाचव्या दारात शेजाऱ्यांची तीन वर्षांची चिमुरडी कवटी पाहून किंचाळली आणि आईला बिलगली. नातू गडबडला. मी काही बोलायच्या आत त्याने मुखवटा कपाळावर सरकवला, बॅटरीचा उजेड स्वतःच्या तोंडावर धरला आणि खाली बसून म्हणाला, "अगं, मीच आहे. हात लावून बघ."

तिने हुंदका गिळला आणि त्याच्या गालाला हळूच बोट लावलं.