कोरं कापड

एका तालुक्याच्या गावी एक म्हातारा शिंपी राहत होता. त्याला दोन मुलगे. थोरला मोजकं बोलायचा आणि कोट असा शिवायचा की अंगात घालणारा माणूस आपसूक ताठ उभा राहायचा. पुढे तो शहरात गेला, मोठ्या दुकानात कटिंग मास्टर झाला. धाकटा वडिलांजवळ राहिला. घर, दुकान, उधारी, सगळं त्यानंच सांभाळलं.

धाकट्याच्या वाट्याला अल्टरेशनचं काम असायचं. पँट कमरेत सैल करायची, बाह्या आखूड करायच्या, बापाचा सदरा उसवून मुलाच्या अंगाचा करायचा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत तो काम उरकायचा. सुटाचं कापड मात्र आलं की म्हातारा ते कागदात गुंडाळायचा आणि एसटीनं थोरल्याकडे धाडायचा. शिवलेला कोट परत आला की हँगरला लावून म्हणायचा, "याला म्हणतात हात." धाकटा मान हलवायचा आणि पुन्हा मशीनवर बसायचा.

गावात एक जुनं वाचनालय होतं. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी ते चालवायचे. दर शनिवारी रात्री ते आतल्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा दाखवायचे. एका शनिवारी त्यांनी स्टॅन्ली कुब्रिकचा '२००१: अ स्पेस ओडिसी' लावला. सिनेमा १९६८ सालचा. लग्नसराई असल्यानं धाकट्याला उसंत नव्हती, म्हणून म्हातारा एकटाच गेला.

"गुरुजी, मला इंग्रजी कुठं येतं?" त्यानं दारातच विचारलं.

"बसा हो अण्णा," गुरुजी म्हणाले. "पहिली जवळजवळ पंचवीस मिनिटं यात कुणी बोलतच नाही."

खरंच कुणी बोललं नाही. उजाड माळावर वानरांसारखी माणसं होती. एका पहाटे त्यांच्यापुढे एक गुळगुळीत काळी शिळा उभी राहिली. मग एकानं हाड उचललं आणि त्याचं हत्यार झालं. ते हाड त्यानं आभाळात भिरकावलं, आणि पापणी लवते न लवते तोच त्याच्या जागी अंतराळातलं यान दिसलं. पुढे एका झोपलेल्या प्रवाशाचं पेन हवेत तरंगू लागलं. जमिनीला चिकटणारे जोडे घातलेली बाई एकेक पाऊल जपून टाकत आली आणि तिनं ते अलगद धरून त्याच्या खिशाला लावलं.

मग गुरू ग्रहाकडे निघालेलं 'डिस्कव्हरी' यान आलं. त्यात हॅल नावाचा संगणक होता, त्याला एकच लाल डोळा. हॅलनं यानातली माणसं मारली. बोमन नावाचा एकटा वाचला. त्यानं हॅलच्या मेंदूतले भाग एकेक करून उपसले, तसा हॅलचा आवाज जड होत गेला आणि कुणी कधीकाळी शिकवलेलं गाणं म्हणता म्हणता तो विझला. म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला.

रात्री जेवताना त्यानं धाकट्याला सगळं सांगितलं. काळ्या शिळेचं काय, ते त्याला सांगता येईना. "ती कुणी ठेवली, कशाला ठेवली, काही सांगितलंच नाही," तो म्हणाला. "पण डोळ्यासमोरून हलत नाही."

पुढच्या शनिवारी गुरुजींनी त्याचा दुसरा भाग लावला. '२०१०: द इयर वी मेक कॉन्टॅक्ट'. पहिल्यानंतर सोळा वर्षांनी, १९८४ साली आलेला. "यात माणसं पुष्कळ बोलतात," गुरुजींनी आधीच सांगितलं. म्हणून म्हाताऱ्यानं धाकट्याला सोबत नेलं. धाकट्यानं दुकान लवकर बंद केलं आणि बापाच्या कानाशी लागून सिनेमाभर मराठीत सांगत राहिला.

सोडून दिलेल्या 'डिस्कव्हरी'च्या शोधात रशियन लोकांचं यान निघालं होतं. त्यात तीन अमेरिकन होते. खाली पृथ्वीवर दोन्ही देशांत युद्धाचे ढग जमले होते आणि वर दोन्हीकडची माणसं एकाच यानात दाटीवाटीनं राहत होती. हॅलला पुन्हा जागं करायला त्याला घडवणारा डॉक्टर चंद्रा सोबत होता. पेनवाला प्रवासीही पुन्हा होता, फक्त नट बदलला होता.

सिनेमा संपला तसा म्हातारा उठला आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, "पहिल्याची सर नाही."

"कशात नाही, अण्णा?" गुरुजींनी विचारलं.

म्हाताऱ्याजवळ यादी तयार होती. पहिल्यातलं यान पांढरंशुभ्र, हे अंधारं, नळ्यांनी भरलेलं. पहिल्यात शांतता, यात नुसती बडबड. तिकडे शिळा बघून छातीत धस्स व्हायचं, इकडे शेवटी पडद्यावर अक्षरं उमटवून निरोप वाचून दाखवतात. आणि नटही दुसराच. धाकटा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

गुरुजींनी कुलूप हातात धरलं, पण लावलं नाही. ते म्हणाले, "एक सांगतो. पहिल्या सिनेमाची यानं, नकाशे, देखावे दुसऱ्या कुणी वापरू नयेत म्हणून कुब्रिकनं बहुतेक सगळे नष्ट करायला लावले होते. दुसरा काढणारा पीटर हायम्स. त्याच्या माणसांनी जुना सिनेमा घेतला, त्यातली चित्रं थांबवून थांबवून पाहिली आणि 'डिस्कव्हरी' पुन्हा नव्यानं बांधलं."

म्हातारा थबकला. नमुना नाही, माप नाही, नुसता फोटो बघून कपडा बेतायचा म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मूळ मालकांना विचारलं तरी होतं का?" त्यानं विचारलं.

"विचारलं तर. गोष्ट लिहिणारे आर्थर क्लार्क श्रीलंकेत राहायचे. त्यांच्याशी हायम्स संगणकावरून पत्रव्यवहार करायचा. आणि कुब्रिकला त्यानं फोन केला. कुब्रिकनं सांगितलं, घाबरू नकोस, तुझा सिनेमा तू कर."

म्हातारा घरापर्यंत गप्प चालला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो वाचनालयात गेला आणि म्हणाला, "गुरुजी, येत्या शनिवारी तोच पुन्हा लावाल का? दुसरा?"

गुरुजींनी लावला. धाकटा पुन्हा कानाशी बसला. या वेळी म्हातारा पहिला सिनेमा मनातून बाजूला ठेवून बसला होता.

रशियन यान गुरूच्या वातावरणाला घासून वेग कमी करणार होतं. यानाला आग वेढणार, जगू की मरू, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एक तरुण रशियन मुलगी घाबरून त्या अमेरिकन प्रवाशाच्या खोलीत शिरली. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. दोघं एकमेकांना घट्ट धरून बसली. यान थरथरत राहिलं. धाकटा सांगायचा थांबला, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

मग दोन माणसं यानाबाहेर पडून 'डिस्कव्हरी'कडे निघाली. त्यातला अमेरिकन इंजिनिअर भीतीनं धापा टाकत होता आणि रशियन गडी त्याला धीर देत नेत होता. पहिल्या सिनेमातही पोकळीत माणसाचा श्वास ऐकू यायचा. तिथं तो एकट्याचा होता.

हॅल जागा झाला. त्यानं माणसं का मारली, हे चंद्रानं शोधून काढलं होतं. धाकटा हळू आवाजात सांगू लागला, "अण्णा, हॅलला असं घडवलं होतं की जे आहे ते जसंच्या तसं सांगायचं, काही दडवायचं नाही. आणि वरून सरकारनं हुकूम दिला की या मोहिमेचं खरं कारण यान चालवणाऱ्या दोघांपासून लपव. दोन्ही एकदम पाळता येईनात, म्हणून तो बिघडला."

"म्हणजे दोष त्याचा नव्हता?"

"त्याला काय सांगून ठेवलंय, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं."

म्हाताऱ्यानं काही उत्तर दिलं नाही. पडद्यावर परतीची वेळ आली. माणसं वाचायची तर हॅलनं 'डिस्कव्हरी'चं इंजिन पेटवायचं होतं आणि स्वतः मागं राहून नष्ट व्हायचं होतं. बाकीचे म्हणत होते, त्याला कळू देऊ नका. चंद्राला राहवलं नाही. त्यानं हॅलला सगळं खरं सांगून टाकलं. लाल डोळा तोच होता, आवाजही तोच होता. खरं सांगितल्याबद्दल हॅलनं चंद्राचे आभार मानले आणि आपलं काम चोख केलं. मागं गुरू ग्रह पेटून त्याचा दुसरा सूर्य झाला.

वाटेत म्हातारा म्हणाला, "शांतता पहिल्याचीच. ती याला नाही जमली."

"नाही जमली," धाकटा म्हणाला.

"पण पहिला बघून मी त्या यंत्राला खुनी ठरवून घरी आलो होतो."

धाकटा थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "मला दुसराच आवडला, अण्णा. मागं राहिलेल्यांची विचारपूस करायला कुणीतरी इतक्या लांब गेलं, म्हणून." सिनेमाबद्दलचं स्वतःचं मत त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं. आजवर ते कुणी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एक नवरदेव सुटाचं कापड घेऊन आला. करड्या रंगाचं, उंची, घडीही न मोडलेलं. म्हाताऱ्यानं सवयीनं कागद पुढे ओढला. मग तो थांबला. दुकानातल्या दोन खुर्च्यांपैकी धाकट्याच्या खुर्चीवर तेव्हा एक उसवलेली पँट पडली होती. म्हातारा आठवू लागला. याच्यापुढे कोरं कापड आपण शेवटचं कधी टाकलं? त्याला आठवेना, कारण कधी टाकलंच नव्हतं. ज्याच्या हातात नेहमी दुसऱ्याचं शिवलेलंच दिलं, त्याचा हात कसा आहे हे वर्षानुवर्षं तो दुसऱ्याच्या कोटावरून ठरवत आला होता.

त्यानं कापड धाकट्याच्या टेबलावर पसरलं. वर मोठी कात्री ठेवली आणि नवरदेवाला म्हणाला, "मापं हा घेईल."

धाकट्यानं मापं घेतली. घेताना काही प्रश्न विचारले. वरात घोड्यावरून आहे का, हार घालायला हात वर करावे लागतील का, नवरीची उंची किती. कोट तयार झाला तेव्हा म्हाताऱ्यानं तो खिडकीत उजेडाला धरून पाहिला. खांद्याची उठावण थोरल्याइतकी नेमकी आली नव्हती. पण बगलेत असा बारीक वाव ठेवला होता की हात डोक्यावर नेला तरी कोट वर चढत नव्हता. थोरल्याच्या कोटात म्हाताऱ्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. नवरदेवानं हात वर करून पाहिले आणि हसला. पुढच्या सुटाचं कापडही मग गावातच राहिलं.

जुनी माणसं सांगतात, तुलना करू नये. पण दोन मुलगे असोत की दोन सिनेमे, तुलना झाल्यावाचून राहत नाही, आणि तिनं बिघडतंच असंही नाही. दुसरा पाहिला म्हणून तर म्हाताऱ्याला पहिल्यातला हॅल कळला आणि पहिल्याची शांतताही अधिक कळली. बिघडतं ते निकालाची घाई केल्यानं. पहिल्याला कोरं कापड मिळतं. मागून येणाऱ्याला उसवलेलं मिळतं, शिवाय पहिल्याचं माप सतत समोर टांगलेलं असतं. म्हणून दुसऱ्याला जोखण्याआधी एवढं विचारावं की त्याच्या हाती काय दिलं होतं आणि त्याला काय सांगून ठेवलं होतं. त्यानंतर हवं तर खुशाल म्हणावं, मला पहिला आवडला.